चिपळुणात बसून आफ्रिकेतल्या एचआयव्हीच्या साथीवर लक्ष कसं ठेवायचं

वेंगुर्ल्या-सावंतवाडीच्या काजू कारखान्यांत फुटणारी सगळी बी इथल्या डोंगरांवरची नसते. आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाची कच्ची बी जहाजानं येते. मर्चंट नेव्हीत गेलेल्या आपल्या पोरांच्या बोलण्यात डर्बन, मोम्बासा, लागोस ही नावं दापोली-गुहागरइतकीच सहज येतात. केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती शंभराहून अधिक वर्षांची आहे. एवढी ये-जा असून आफ्रिकेतल्या एचआयव्हीबद्दल आपल्याला वाचायला काय मिळतं? १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या पेपरात एक चौकट, तिच्यात एक भलामोठा आकडा आणि लाल फीत. पुढच्या वर्षी वेगळा आकडा येतो आणि साथ वाढली की ओसरली, हे चौकट वाचून काही कळत नाही.

हा लेख नर्सिंग, समाजकार्य किंवा पत्रकारिता शिकणाऱ्यांसाठी, शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांसाठी आणि ज्यांना एका खंडाची साथ वर्षानुवर्षं नीट बघत राहायची आहे अशा कोणासाठीही आहे. लॅपटॉप, एक्सेल किंवा तत्सम काहीतरी आणि वर्षातून चार-पाच निवांत दुपारी एवढंच लागतं. गणित शाळेतलंच. शिस्त मात्र लागते, आणि ती एकाच गोष्टीची: कोणी काढला, कशावरून काढला आणि कुठल्या वर्षाचा, या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो आकडा शीटमध्ये घ्यायचाच नाही.

आधी आफ्रिका कुठली ते ठरवा

हे वाचून हसू येईल, पण निम्मे घोटाळे इथेच होतात. संयुक्त राष्ट्रांची एड्सविषयक संस्था युएनएड्स आफ्रिकेचे तुकडे करते. ‘पूर्व व दक्षिण आफ्रिका’ एक, ‘पश्चिम व मध्य आफ्रिका’ दुसरा, आणि उत्तरेकडचे अरब देश मध्यपूर्वेबरोबर तिसऱ्याच गटात. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आफ्रिका विभाग’ आणखी वेगळा. त्यात अल्जीरिया आहे, पण इजिप्त, लिबिया, ट्युनिशिया, मोरोक्को, सुदान, सोमालिया नाहीत. ते पूर्व भूमध्य विभागात मोजले जातात. आफ्रिकन युनियनचे सदस्य ५५. काही तक्त्यांत फक्त ‘उप-सहारा आफ्रिका’ असते. म्हणजे दोन अहवालांतले ‘आफ्रिकेतले रुग्ण’ शेजारी-शेजारी मांडून फरक काढला, तर कधीकधी तो फरक साथीचा नसतो, नकाशाचा असतो.

माझा सल्ला सरळ आहे: युएनएड्सचे पहिले दोन विभाग धरा आणि शीटच्या पहिल्याच ओळीत तसं लिहून टाका. उत्तर आफ्रिकेसाठी वेगळं पान करा. तिथे रुग्ण कमी असले तरी मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका या गटात २०१० नंतर नवे संसर्ग वाढले आहेत, त्यामुळे ते पान कोरं सोडू नका.

मग सात-आठ देश निवडा. सगळे पन्नास घ्यायला गेलात तर दुसऱ्या वर्षी कंटाळून सोडून द्याल. दक्षिण आफ्रिका हवीच, कारण जगात सर्वाधिक, सुमारे ८० लाख एचआयव्हीसह जगणारी माणसं एकट्या त्या देशात आहेत. एस्वातिनी (जुनं स्वाझीलँड) छोटा देश, पण तिथे प्रौढांमधलं प्रमाण जगात सर्वांत जास्त, साधारण चारात एक. नायजेरिया घ्या, कारण तिथली लोकसंख्या एवढी प्रचंड की छोटा टक्काही लाखांत जातो. बोत्स्वाना, मोझांबिक, टांझानिया, युगांडा, आयव्हरी कोस्ट एवढ्यानं चित्र पुरेसं भरतं.

आकडा निघतो कसा

या भागावर वेळ घालवा. हे समजलं की पुढचं निम्मं काम होतं.

मिरकरवाड्याला किंवा हर्णैला उतरलेली प्रत्येक पाटी कोणी मोजत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं ठरावीक बंदरं आणि ठरावीक दिवस निवडतात, त्या दिवशी उतरलेल्या मासळीची नोंद करतात आणि त्यावरून किनाऱ्याच्या वर्षभराच्या उत्पादनाचा अंदाज बांधतात. एचआयव्हीचं मोजमाप बरीच वर्षं असंच चाललं. तिथली ‘बंदरं’ म्हणजे गरोदर बायकांचे दवाखाने. नाव न नोंदवता, तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातलंच थोडं रक्त एचआयव्हीसाठी तपासायचं, दरवर्षी त्याच दवाखान्यांत. दक्षिण आफ्रिकेत हे १९९० पासून झालं. त्या वर्षी गरोदर बायकांमधलं प्रमाण एक टक्क्याच्याही आत होतं. २०१० मध्ये ते ३० टक्क्यांवर होतं. वीस वर्षांचा हा आलेख एकदा स्वतः काढून बघा.

पण दवाखान्यात फक्त गरोदर बायका येतात. पुरुष नाहीत, म्हाताऱ्या नाहीत, दवाखान्यापर्यंत न पोचणाऱ्या नाहीत. शिवाय निवडलेले दवाखाने बहुधा शहरातले, हमरस्त्यावरचे. त्यामुळे अंदाज फुगायचा. केनियाचंच बघा: २००१ अखेरचा युएनएड्सचा प्रौढांमधला अंदाज १५ टक्के होता. २००३ मध्ये घरोघरी जाऊन रक्त तपासणारं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, तेव्हा प्रमाण ६.७ टक्के निघालं. दोन वर्षांत निम्मी साथ बरी झाली नव्हती, मोजायची रीत बदलली होती.

आपल्याकडेही हेच घडलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत, २००५-०६ ला, एक लाखावर लोकांचं रक्त तपासलं गेलं. त्यानंतर भारताचा अंदाज ५७ लाखांवरून २५ लाखांवर आला. त्या वर्षी, २००७ मध्ये, जगाचाच आकडा ३ कोटी ९५ लाखांवरून ३ कोटी ३२ लाखांवर उतरला; त्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा होता आणि केनिया, नायजेरिया, मोझांबिक, झिम्बाब्वे यांचाही हातभार होता. नायजेरियाचं दुसऱ्यांदा तसंच झालं: २०१८ च्या मोठ्या सर्वेक्षणानंतर १५ ते ४९ वयोगटातलं प्रमाण २.८ ऐवजी १.४ टक्के ठरलं. ज्याच्या शीटमध्ये ‘कशावरून’चा रकाना नव्हता, त्यानं बातमी लिहिली असती की नायजेरियानं साथ निम्म्यावर आणली.

आता सर्वेक्षणं, गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्या, एआरटी (विषाणू दाबून ठेवणारे औषधोपचार) केंद्रांतली गोळ्यांची नोंद आणि मृत्यूंच्या नोंदी हे सगळं एका संगणकीय प्रारूपात घातलं जातं. त्याचं नाव स्पेक्ट्रम. दर वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक देशाची टीम आपली माहिती त्यात भरते, युएनएड्स तपासते आणि जुलैत आकडे जाहीर होतात. उप-सहारा आफ्रिकेत जिल्हावार अंदाजासाठी नाओमी नावाचं आणखी एक प्रारूप वापरतात. दक्षिण आफ्रिकेचं स्वतःचं थेंबिसा आहे, केपटाऊन विद्यापीठात तयार झालेलं, आणि त्या देशापुरतं बोलायचं तर मी आधी थेंबिसा उघडीन.

मृत्यूंच्या बाबतीत एक सावधगिरी. बऱ्याच आफ्रिकी देशांत मृत्यूची नोंदणीच अपुरी आहे. जिथे ती चांगली आहे, उदाहरणार्थ दक्षिण आफ्रिकेत, तिथेही दाखल्यावर एड्सऐवजी क्षयरोग किंवा न्यूमोनिया लिहिलेला असायचा. कारणं आपल्याला समजावून सांगायला नकोत. म्हणून दाखल्यांवरची बेरीज आणि युएनएड्सचा मृत्यूंचा अंदाज जुळत नाहीत, आणि जुळावेत अशी अपेक्षाही धरू नका.

फाईल उतरवा आणि शीट मांडा

युएनएड्सच्या एड्सइन्फो या संकेतस्थळावर देश, वर्ष आणि निर्देशांक निवडून तक्ता मिळतो. तो पडद्यावर बघत बसू नका, फाईल उतरवून घ्या. अहवाल नेमका जुलैत येतो आणि जुलैत आपल्याकडे नेटचा आणि लाइटचा काय भरवसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. फाईलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला. पडताळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ग्लोबल हेल्थ ऑब्झर्व्हेटरी आहे, पण तिथले बरेचसे आकडे मूळ युएनएड्सचेच असतात. दोन ठिकाणी तोच आकडा दिसला म्हणजे दोन साक्षीदार मिळाले असं नाही.

रकाने असे ठेवा: विभाग किंवा देश, वर्ष, एचआयव्हीसह जगणारे, नवे संसर्ग, एड्सशी संबंधित मृत्यू, उपचारावर असलेले, प्रत्येकाची खालची आणि वरची मर्यादा, वयोगट, स्रोत आणि शेवटी एक रुंद रकाना ‘घडामोडी’. मर्यादांचे रकाने गाळू नका. २०२३ साठी जगातला आकडा ३ कोटी ९९ लाख छापून येतो, पण युएनएड्स स्वतः सांगते की खरा आकडा ३ कोटी ६१ लाख ते ४ कोटी ४६ लाखांमध्ये कुठेही असू शकतो. नव्या संसर्गांचे १३ लाख म्हणजे १० ते १७ लाख. दोन वर्षांतला फरक या पट्ट्यापेक्षा लहान असेल तर ‘घट झाली’ असं एका वर्षाच्या जोरावर लिहू नका. दहा वर्षांचा उतार बघा.

मिलियनचं भाषांतर इथेच करून टाका. एक मिलियन म्हणजे १० लाख. २०.८ मिलियन म्हणजे २ कोटी ८ लाख. मराठी पेपरांत हा शून्य किती वेळा हरवतो किंवा वाढतो ते मोजायला बसलात तर वेगळी शीट करावी लागेल.

जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या, २०२३ सालच्या आकड्यांच्या दोन ओळी अशा दिसतात:

पूर्व व दक्षिण आफ्रिका: जगणारे २ कोटी ८ लाख, नवे संसर्ग ४ लाख ५० हजार, मृत्यू २ लाख ६० हजार.
पश्चिम व मध्य आफ्रिका: जगणारे ५१ लाख, नवे संसर्ग १ लाख ९० हजार, मृत्यू १ लाख ३० हजार.

बातमीदार इथे थांबतो आणि लिहितो की पूर्व-दक्षिणेत साथ चौपट भयंकर. तुम्ही एक रकाना वाढवा: नवे संसर्ग भागिले जगणारे, गुणिले शंभर. पहिल्या ओळीत येतात २.२, दुसऱ्या ओळीत ३.७. युएनएड्स ३ हा उंबरठा मानते. उपचारांवर माणूस संसर्गानंतर साधारण तीस वर्षं जगतो असं धरलं, तर ३ च्या खाली गेलेली साथ हळूहळू आकसत जाते आणि वरची फुगत राहते. म्हणजे चौपट मोठी असूनही पूर्व-दक्षिणेतली साथ आटोक्याकडे चालली आहे, आणि पश्चिम-मध्येतली लहान असूनही अजून ताब्यात नाही. मृत्यूंचंही तसंच: शंभर जगणाऱ्यांमागे पहिल्या ओळीत सव्वा, दुसरीत अडीच. पश्चिम-मध्येत उपचार पोचायला उशीर झाला, त्याची ही खूण. या दोन भागाकारांनी जे समजतं ते चौकटीतल्या एका आकड्यानं कधीच समजणार नाही.

दरवर्षी नवी ओळ जोडू नका, अख्खा तक्ता बदला

हे सगळ्यांत जास्त वेळा चुकतं. आपल्याला वाटतं, गेल्या वर्षीच्या अहवालातला आकडा आहेच, यंदाचा खाली लिहिला की झालं. तसं होत नाही. प्रारूपात नवं सर्वेक्षण घातलं की मागच्या तीस वर्षांचाही अंदाज नव्यानं काढला जातो. २०१५ चा आकडा २०१६ च्या अहवालात एक असतो आणि २०२४ च्या अहवालात दुसराच. दोन अहवालांतले आकडे एका आलेखावर जोडले तर मध्ये एक खोटी पायरी तयार होते. जुलैत ताजी फाईल उतरवा, १९९० पासूनचे सगळे आकडे नव्यानं चिकटवा आणि जुनी फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. कोणी विचारलं की तुझा २०१५ चा आकडा का बदलला, तर दाखवायला ती लागते.

टक्का चढला म्हणजे साथ चढली असं नाही

दक्षिण आफ्रिकेतल्या मानव्य विज्ञान संशोधन परिषदेची घरोघरची सर्वेक्षणं बघा. सर्व वयोगट मिळून प्रमाण २०१२ मध्ये १२.२ टक्के, २०१७ मध्ये १४ टक्के, २०२२ मध्ये १२.७ टक्के. २०१२ ते २०१७ मध्ये टक्का चढला, पण त्याच काळात नवे संसर्ग चांगलेच घटले. कारण उपचार. जी माणसं पूर्वी साधारण दहा-अकरा वर्षांत गेली असती ती आता जगतात आणि सर्वेक्षणात मोजली जातात. हा टक्का वाढणं काही अंशी चांगली बातमी असते.

साथ कुठे चालली आहे हे नवे संसर्ग सांगतात. ते थेट मोजणं कठीण आणि खर्चिक. एस्वातिनीनं २०११ मध्ये निगेटिव्ह लोकांना सहा महिन्यांनी पुन्हा तपासून ते मोजलं. २०१६-१७ ला, संसर्ग ताजा की जुना हे ओळखणारी रक्तचाचणी वापरून पुन्हा मोजलं, तेव्हा नव्या संसर्गाचा वेग जवळपास निम्म्यावर आला होता. असा पुरावा शीटमध्ये ठळक करून ठेवावा, कारण बाकीचे बहुतेक आकडे प्रारूपातून येतात.

वयोगटाचा रकाना याचसाठी. युएनएड्सच्या प्रमाणाच्या टक्क्यातला ‘प्रौढ’ म्हणजे १५ ते ४९. काही सर्वेक्षणं १५ च्या वरच्या सगळ्यांना धरतात, वरचं दक्षिण आफ्रिकेचं तर लहान मुलांनाही. यांची सरमिसळ करू नका.

पंच्याण्णव-पंच्याण्णव-पंच्याण्णव

२०२५ साठीचं उद्दिष्ट असं होतं: एचआयव्ही असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांना ते माहीत असावं, त्यांच्यापैकी ९५ टक्के उपचारावर असावेत, आणि त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांच्या रक्तातला विषाणूभार दबलेला असावा. ‘त्यांच्यापैकी’ विसरलं की फसगत होते. तिन्हींचा गुणाकार सुमारे ८६ येतो. काही तक्त्यांत मधला आकडा सगळ्या एचआयव्हीग्रस्तांपैकी दिलेला असतो, काहींत फक्त माहीत असलेल्यांपैकी. तळटीप वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. बोत्स्वाना, एस्वातिनी, रवांडा, टांझानिया आणि झिम्बाब्वे यांनी हे उद्दिष्ट गाठल्याचं युएनएड्सनं २०२३ च्या अहवालात नोंदवलं.

पण देशाच्या सरासरीखाली खूप काही दडतं. २०२३ मध्ये जगात उपचार ७७ टक्के प्रौढांपर्यंत पोचले होते, मुलांपैकी मात्र फक्त ५७ टक्क्यांपर्यंत. उप-सहारा आफ्रिकेत १५ ते २४ वयाच्या सुमारे ३,१०० मुली-तरुणींना दर आठवड्याला नवा संसर्ग होत होता. शक्य असेल तिथे वय आणि स्त्री-पुरुष वेगळे उतरवून घ्या. आणि ज्या देशात समलिंगी संबंध हा गुन्हा आहे, युगांडात २०२३ च्या कायद्यानं शिक्षा आणखी कडक झाली, तिथे त्या गटाचे आकडे कमी दिसले तर माणसं कमी आहेत असं समजू नका. ती मोजणाऱ्यासमोर येत नाहीत.

घडामोडींचा रकाना

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली. २००३ पासून आफ्रिकेतल्या एचआयव्ही उपचारांचा मोठा भार उचलणारा पेपफार कार्यक्रम त्यात अडकला. नंतर काही भाग चालू झाला, पण बरीच कामं बंद पडली. फेब्रुवारीत डीएचएस हा घरोघरच्या सर्वेक्षणांचा जगभरचा कार्यक्रमही थांबवला गेला. म्हणजे साथ बिघडण्याची शक्यता वाढली आणि ती दाखवणारी यंत्रणाही नेमकी त्याच वेळी दुबळी झाली. याचा अर्थ पुढच्या काही वर्षांत एखाद्या देशात ‘नवे निदान झालेले’ घटलेले दिसले, तर आधी तपासण्या किती झाल्या ते बघा. किट नसतील तर रुग्ण सापडणार नाहीत. कोविडच्या २०२० सालातही हेच झालं होतं. निदानाचा आकडा आणि संसर्गाचा अंदाज कायम वेगळ्या रकान्यांत ठेवा.

चांगल्या गोष्टीही याच रकान्यात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात झालेल्या चाचणीत, एचआयव्ही होऊ नये म्हणून वर्षातून दोनदा टोचायचं लेनाकापाविर हे औषध घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, हे २०२४ मध्ये जाहीर झालं. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते सुचवलं. ते कुठल्या देशात कधी पोचलं याच्या तारखा आत्तापासून लिहीत गेलात, तर २०३० मध्ये नव्या संसर्गांच्या आलेखाशेजारी त्या ठेवून बघता येतील.

हीच रीत आपल्याकडे वापरताना

भारताचे आकडेही स्पेक्ट्रममधूनच निघतात. नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) अंदाजानुसार २०२३ मध्ये देशात २५ लाख ४४ हजार लोक एचआयव्हीसह जगत होते, प्रौढांमधलं प्रमाण ०.२० टक्के, आणि संख्येनं सर्वाधिक महाराष्ट्रात. देशाचं एक पान शीटला जोडायला हरकत नाही.

जिल्ह्याच्या खाली मात्र जाऊ नका. दक्षिण आफ्रिकेत जिल्हावार अंदाजात हजारो माणसं असतात. आपल्याकडे एखाद्या तालुक्यातलं गाव आणि वय लिहिलं तर वाडीतला प्रत्येक जण नाव घेईल. ‘अमुक गावात तिघे’ असं छापणं म्हणजे त्या तिघांचं घर दाखवणं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय कोणाचं एचआयव्हीविषयी काहीही उघड करण्यास मनाई आहे. प्रकल्पासाठी स्थानिक आकडे मिळाले तरी ते आख्ख्या जिल्ह्याचे म्हणूनच मांडा, आणि संख्या एकेरी असेल तर गाळून टाका.

या विषयावर लिहायला लागलात की कोणीतरी बाजूला घेऊन स्वतःबद्दल विचारणार, हेही धरून चाला. अंदाज सांगू नका, शीट दाखवू नका. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) तपासणी मोफत आणि गुप्त होते. फोनवरच बोलायचं असेल तर एड्स हेल्पलाइन १०९७.